पाय मोडला तर

शेवटच्या बसथांब्यापाशी बर्फात उभं राहून इल्वानं पुन्हा एकदा हातमोजा काढला आणि दोन बोटं लेकीच्या मानेमागे सरकवली. मान गरम होती. मगाशीही गरमच होती. बर्फावरून ओढायच्या स्लेजमध्ये मेंढीच्या कातड्यावर, दोन लोकरी थरांच्या आत टिरिल मजेत पडली होती आणि कुठल्याशा फांदीकडे बघून बुडबुडे काढत होती. सात महिन्यांच्या बाळाला थंडी कळत नसते, आईला कळत असते. इल्वाला तर सगळंच कळत होतं. वारा कुठून येतोय, स्लेजचा पट्टा किती घट्ट आहे, समोरून येणाऱ्या मंडळींत ओळखीचं कोण आहे, कोण नाही.

आणि सुन्नीवा आहे, हे तिला सगळ्यांच्या आधी दिसलं.

ती येईल असं इल्वाला वाटलंच नव्हतं. सुन्नीवा दक्षिणेला राहायला गेली होती ना? पण ती तीच जुनी लाल टोपी घालून, खिशात हात खुपसून उभी होती. दोन वर्षं दोघी एका घरात राहिल्या होत्या. भांडून वेगळ्या झाल्या नव्हत्या. पातेल्यातलं दूध आटत जावं तसं दोघींतलं प्रेम आटलं होतं. तरी तिला बघून इल्वा स्लेजचा पट्टा पुन्हा आवळायला लागली. सुन्नीवाच्या आठवणीमुळे नव्हे. होवारमुळे.

होवार म्हणजे टिरिलचा बाबा. आता घरी भांडी घासत असेल किंवा कारवरचा बर्फ खरवडत असेल. सकाळी त्यानंच विचारलं होतं, "मी पण येऊ का?" आणि इल्वा "नको" म्हणाली होती. फार पटकन म्हणाली होती. त्यानं मान डोलावली आणि स्लेजच्या खालच्या घसरपट्ट्यांना मेण लावायला बसला. त्याचं ते मुकाट्यानं मेण लावणं तिच्या डोळ्यांसमोरून जात नव्हतं.

ह्या मंडळींत इल्वा एकोणिसाव्या वर्षी पहिल्यांदा आली होती. दर महिन्याच्या एका रविवारी शहरामागच्या रानात फिरायला जायचं, एवढंच. ज्यांना बायका आवडतात अशा बायका, ज्यांना पुरुष आवडतात असे पुरुष, दोन्ही आवडणारे, जन्माला आले तेव्हा सांगितलं गेलं त्यापेक्षा वेगळे निघालेले, असे सगळे. ह्या फेरीला 'हळू चाल' म्हणायचे. शिखर गाठायचं नाही, घड्याळ बघायचं नाही. घरच्यांनी बोलणं टाकलं होतं त्या हिवाळ्यात ह्याच लोकांनी इल्वाला सॉसेज खाऊ घातले होते, आपले जुने बूट दिले होते. मग होवार भेटला आणि ती यायची थांबली. कुणी ये म्हणालं नाही, कुणी नको म्हणालं नाही. पण इथेच कधीतरी मारित नावाच्या बाईबद्दल बोलणं निघालं होतं. मारितनं एका पुरुषाशी लग्न केलं होतं, तर सुन्नीवा म्हणाली होती, "सुट्टी संपली बाईंची, परत कामावर रुजू." सगळे खो खो हसले होते.

इल्वाला ते वाक्य शब्दन् शब्द आठवत होतं. आज सांगून टाकायचं, असं ठरवून ती आली होती. डिसेंबरपासून बाळ, दिवा आणि खिडकीबाहेरचा काळोख ह्यांच्याखेरीज तिनं काही पाहिलं नव्हतं. तिला ही माणसं हवी होती. पण खरं सांगून हवी होती.

"चला, गोल करा!" बोर्गहिल ओरडली.

बोर्गहिल सत्तरीला आली होती. आवाज अजून बोटीच्या भोंग्यासारखा. फेरीची सुरुवात नेहमी गोल करून व्हायची. नाव सांगायचं, आपल्याला कशी हाक मारलेली आवडेल ते सांगायचं, आणि शेवटी एक प्रश्न: पाय मोडला तर कुणाला फोन करायचा?

नवीन माणसाला हा प्रश्न विनोदी वाटे. तो विनोदी नव्हता. फार पूर्वी बोर्गहिलची इन्गेर ह्याच रानात बर्फावर घसरून पडली होती, आणि इस्पितळात बोर्गहिलला दारातच थांबवलं होतं. फक्त नातेवाईक, म्हणाले. चौदा वर्षांचा संसार दाराबाहेर बाकड्यावर बसून राहिला. तेव्हापासून ह्या गोलात ज्यानं त्यानं आपलं माणूस मोठ्यानं सांगायचं, सगळ्यांनी ऐकायचं. ज्याला कुणी नसेल त्यानं म्हणायचं, "बोर्गहिलला करा." इल्वानं कित्येक वर्षं तेच म्हटलं होतं.

एक एक जण बोलत पुढे आला. एस्किल नावाचा उंच, बोलघेवडा गडी म्हणाला, "माझा पाय मोडला तर नवऱ्याला कळवू नका, तो म्हणेल कपडे वाळत घालायचे टाळतोय." सुन्नीवा म्हणाली, "बोर्गहिलला करा." नुसतं एवढंच. इल्वाला ते लागलं. म्हणजे सुन्नीवाला कुणी नव्हतं.

मग इल्वाची पाळी आली. होवार. एका शब्दाचं काम. तिनं तोंड उघडलं, नेमका टिरिलनं एक मोजा पायातून ओढून बर्फात टाकला, इल्वा तो उचलायला वाकली आणि वाकल्या वाकल्याच म्हणाली, "घरी करा. घरी आहे कुणीतरी."

"कुणीतरी!" एस्किल म्हणाला. "बघा बघा, बायको कशी लपवून ठेवलीय! अगं, पळवून नेणार नाही आम्ही."

सगळे हसले. इल्वाही हसली. मोजा झटकता झटकता हसली, आणि हसून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आता सांगायचं म्हणजे आधी हे हसणं परत घ्यावं लागणार.

हळू चालीचा कायदा असा की सर्वांत हळू चालणारं माणूस पुढे. त्याला ओलांडून कुणी जायचं नाही. म्हणजे मागे कुणी धापा टाकत एकटं पडत नाही. आज कमरेला स्लेज बांधलेली इल्वा पुढे. तिला खरं तर मागे राहायचं होतं, कुणाच्या डोळ्यांत न येता. आता अख्खी रांग तिच्या पाठीला डोळे लावून येत होती.

बर्फ कोरडा होता, बुटाखाली चरचरत होता. डोंगराच्या काठावर सूर्य टेकला होता, वर यायचा त्याचा विचार दिसत नव्हता. इल्वा चालत होती, मान वळवत होती, बाळ बघत होती, पुन्हा चालत होती. वळता वळता तिची स्लेज स्कीच्या आखलेल्या वाटेवर गेली आणि मागून स्कीवर येणारा एक म्हातारा खेकसला, "ही वाट चालायची नाही!"

"माहितीय, माहितीय," एस्किल त्याला म्हणाला. "आम्ही सरळ वाटेनं जाणारे नाहीच मुळी, आजोबा!"

मागून हसू उसळलं. इल्वानं स्लेज बाजूला ओढली. तिचे कान तापले होते. हे लोक आपल्या बाजूनं बोलतात, आपण मात्र त्यांना... पुढचं तिनं मनातसुद्धा पुरं केलं नाही. पुन्हा वळून मान गरम आहे का ते बघितलं.

तळ्याकाठी लाकडी आडोसा होता, तिथे शेकोटी पेटली. थर्मासमधला कोको निघाला, संत्री निघाली, काटक्यांवर सॉसेज लागले आणि बटाट्याच्या मऊ पोळीत गुंडाळून हातोहात फिरू लागले. टिरिल झोपली होती. इल्वानं स्लेज धुराच्या बाजूनं हलवून वाऱ्याच्या आडोशाला नेली, मग तिथून दिसत नाही म्हणून पुन्हा जवळ आणली.

"तिसऱ्यांदा हलवलीस," सुन्नीवा शेजारी येऊन म्हणाली. तिनं वाकून बाळाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. "तुझ्यासारखी नाही गं दिसत."

"मग कुणासारखी दिसते?"

"मला काय माहीत? मी तिला पाहिलेलं नाही ना."

तिला. म्हणजे घरच्या बायकोला. इल्वानं हातातला सॉसेज खाली ठेवला. ही वेळ होती. सुन्नीवा एकटी होती, बाकीचे धुरातून डोळे पुसत होते. पण तेवढ्यात बोर्गहिलनं हाक दिली, "इल्वा! इकडे ये पोरी. डोळे मीट."

"डोळे कशाला?"

"मीट म्हटलं ना."

इल्वानं डोळे मिटले. तिच्या हातात काहीतरी मऊ, जड पडलं. उघडून बघते तर हातमोजा. पण एका हाताचा नव्हे. मनगटाला दोन तोंडं आणि मधे एकच पोट, असा. दोन माणसांनी एकेक हात आत घालायचा आणि आत हातात हात धरून चालायचं. प्रेमात पडलेल्यांसाठी विणतात तसला. राखाडी लोकर, कडेला निळी नक्षी.

"तू बाळाला घेऊन येतेस असं लिहिलंस, त्याच दिवशी टाके घातले," बोर्गहिल म्हणाली. "तुम्हा दोघी आयांसाठी. बाळ झालं की हात धरायला वेळ राहत नाही. माप अंदाजानं घेतलंय. तुझा हात मला माहितीय. तिचा म्हटलं असेल साधारण तुझ्याएवढा."

"घाल ना, घाल!" एस्किलनं टाळी वाजवली.

इल्वानं हात घातला. ऊब एकदम बोटांना भिडली. दुसरी बाजू रिकामी लोंबत होती. होवारचा हात तिच्या डोळ्यांपुढे आला. रुंद पंजा, तुटकं नख, ह्या मोज्यात अर्धासुद्धा शिरला नसता.

"कसा आहे?" बोर्गहिलनं विचारलं. तिचा आवाज आता भोंग्यासारखा नव्हता.

"खूप सुंदर आहे," इल्वा म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

"आई झाली की असंच होतं," कुणीतरी म्हणालं, आणि तिला आणखी एक संत्रं मिळालं.

तिनं तोंड पुसलं, पाठ केली आणि फोन काढला. होवार तीन वाजता बसथांब्याच्या वरच्या वाहनतळावर न्यायला येणार होता. सगळ्यांच्या समोर. तिनं गारठलेल्या बोटांनी लिहिलं, "वर येऊ नकोस. खाली पेट्रोलपंपापाशी थांब." पाठवायला बोट टेकवलं आणि पडदा काळा झाला. थंडीनं फोन मेला. निरोप गेला की नाही? तिनं फोन काखेत धरला, पोटाशी धरला, फुंकर मारली. काही नाही. गेला असेल तर होवारला कळलं असेल की आपल्याला लपवतेय. गेला नसेल तर तो वर उभा असेल. दोन्हींतलं काय बरं, ते तिला ठरवता येईना.

परत निघायच्या वेळी उजेड निळसर झाला होता. उतारावर स्लेज आपोआप पुढे धावते, म्हणून मागून कुणीतरी दोर धरावा लागतो. "मी धरते," सुन्नीवा म्हणाली. नाही कशी म्हणणार? तेव्हा पुढे इल्वा, कमरेला स्लेजचा पट्टा, मधे निजलेली टिरिल, मागे दोर हातात गुंडाळलेली सुन्नीवा, आणि तिच्यामागे बोर्गहिल आणि सगळी रांग.

इल्वाला घाई झाली होती. सगळ्यांच्या आधी खाली पोचायचं, होवारला गाठायचं, कारमध्ये बसायचं आणि निघायचं. ती पावलं भरभर टाकू लागली. मागून दोर ताणला गेला आणि तिला कमरेत हिसका बसला.

"हळू चाल आहे ही," सुन्नीवा म्हणाली. "कुठे आग लागलीय?"

"तिला भूक लागेल उठल्यावर."

"झोपलीय ती गाढ. तूच काय ती जागी आहेस सकाळपासून."

इल्वानं पावलं आखूड केली. मग मागून सुन्नीवाचा आवाज खाली आला, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये असा.

"चांगली वागते का तुझ्याशी?"

"हो," इल्वा म्हणाली. "खूप चांगलं." निदान हे खरं होतं.

"मग नाव का घेत नाहीस तिचं?"

इल्वानं कमरेचा पट्टा चाचपला. एवढं एक वाक्य बोलायला किती जागा होती त्या रानात, अख्खं रान मोकळं पडलं होतं. तिनं श्वास घेतला. "सुन्नीवा, ऐक," ती म्हणाली, आणि तेवढ्यात वळणावरून दिव्याचा एक झोत वर आला.

कपाळाला दिवा बांधून कुणीतरी भराभर चढत होतं. चाल बघूनच इल्वाला कळलं. निरोप गेला नव्हता.

होवारनं त्यांना पाहिलं आणि कुणाच्या डोळ्यांवर उजेड जाऊ नये म्हणून दिवा बंद केला. हातात बाळाच्या दुधाची बाटली होती, लोकरी मोज्यात गुंडाळलेली. "फोन लागत नव्हता तुझा," तो धापा टाकत म्हणाला. "म्हटलं बघावं." मग त्याला मागची रांग दिसली आणि तो जागीच थांबला.

"वा! भाऊ आला वाटतं न्यायला!" एस्किल मागून म्हणाला.

होवारनं इल्वाकडे बघितलं. त्याला सगळं समजलं, ते तिला दिसलं. सकाळचं ते पटकन आलेलं "नको" आता त्याच्या चेहऱ्यावर आपल्या जागी जाऊन बसलं. आणि त्याहून वाईट म्हणजे तो तोंड उघडत होता. तो "हो" म्हणणार होता. तिच्यासाठी, एका क्षणात, आपल्या झोपलेल्या लेकीसमोर तिचा मामा व्हायला तो तयार होता.

"पाय मोडला तर ह्याला फोन करा," इल्वा म्हणाली.

आवाज नको तितका मोठा आला. वरच्या झाडावरून थोडा बर्फ खाली पडला.

"काय?" एस्किल म्हणाला.

"सकाळी सांगायचं राहिलं. म्हणजे सांगितलं नाही मी. माझा पाय मोडला तर ह्याला फोन करायचा. हा होवार. टिरिलचा बाबा. माझं माणूस."

मग कमरेचा ताण एकदम गेला. दोर सुटला की सोडला, ते इल्वाला कधीच कळलं नाही. स्लेज घसरत आली, तिच्या गुडघ्यांमागे आदळली आणि ती फतकल मारून बर्फात बसली. होवारनं झेप घेऊन स्लेज पायानं अडवली. आतून टिरिल जागी झाली आणि सगळ्यांवर खेकसली.

"मोडला का?" बोर्गहिलनं विचारलं.

"नाही."

"मोडला असता तरी फोनचे पैसे वाचले असते," एस्किल म्हणाला. "माणूस हजरच आहे." पण त्याचं हसणं अर्ध्यावर अडखळलं. तो बूट बघू लागला.

सुन्नीवा त्यांच्या बाजूनं पुढे झाली. कायदा मोडून, रांग ओलांडून. इल्वापाशी आली तेव्हा क्षणभर थांबली. "त्या मारितबद्दल मी काहीतरी म्हणाले होते ना एकदा?" तिनं विचारलं.

"म्हणाली होतीस."

"अजून आठवतंय तुला."

इल्वानं मान हलवली. सुन्नीवा आणखी काही म्हणेल असं वाटलं. पण ती बर्फानं भरलेले हात झटकत बसथांब्याकडे उतरत गेली. लाल टोपी झाडांआड दिसत राहिली, मग दिसेनाशी झाली.

होवार बाळाला छातीशी धरून बाटली देत होता. बोर्गहिलनं इल्वाच्या खिशातून बाहेर लोंबणारा तो जोडमोजा ओढून काढला. इल्वानं तो घट्ट धरायचाही प्रयत्न केला नाही. घेऊ दे. तिचाच आहे. आपण तो खोटं बोलून घेतला होता.

"तू," बोर्गहिल होवारला म्हणाली. "बाटली दुसऱ्या हातात घे. हा हात इकडे कर. मोजा काढ."

होवार गोंधळला, पण त्यानं हात पुढे केला. बोर्गहिलनं त्याच्या पंजावर आपला पंजा टेकवला, बोटांवर बोटं, आणि त्याची बोटं आपल्यापुढे किती जातात ते डोळे बारीक करून बघितलं.

"अरे देवा. फावडंच आहे हे," ती म्हणाली. "ही बाजू सगळी उसवायला लागणार. अंगठ्यासकट."

"मी... राहू दे," इल्वा म्हणाली. "कशाला पुन्हा..."

"तुझ्या बाजूला मी हात लावणार नाही," बोर्गहिल म्हणाली. "ती बरोबर आहे." तिनं मोजा आपल्या पिशवीत टाकला. "पुढच्या फेरीला येऊन घेऊन जा. मी टपालानं पाठवत नसते."

"दोघांनी यायचं?" होवारनं विचारलं.

बोर्गहिलनं मागे रांगेकडे बघितलं. कुणी बर्फ झटकत होतं, कुणी इल्वाकडे बघून ओठांच्या कोपऱ्यात हसलं, कुणी बघायचं टाळत होतं. "ते गोलात विचारू," ती म्हणाली. "मी एकटी ठरवत नाही. पण इल्वानं यायचं. सर्वांत हळू चालणारं कुणीतरी पुढे लागतंच."

होवारनं कार खालच्या रस्त्याला वळवली. काचा धुक्यानं भरल्या होत्या. इल्वा मागच्या सीटवर बाळाशेजारी बसली होती, दोन बोटं तिच्या मानेमागे.

"मी हो म्हणणार होतो," होवार म्हणाला.

"माहितीय."

"म्हणालो असतो तर तू काय केलं असतंस?"

बसथांबा आला. दिव्याखाली लाल टोपी एकटीच बसली होती, हात काखेत, मान खाली. बस यायला वेळ असावा.

"थांब," इल्वा म्हणाली.

होवारनं गाडी कडेला घेतली. इल्वानं बाहीनं काच पुसली. सुन्नीवानं मान वर केली आणि थेट गाडीकडे बघितलं. तिनं हात वर केला. तो ये म्हणून होता की जा म्हणून, पुसलेल्या काचेवर पुन्हा धुकं धरेपर्यंत इल्वाला समजलं नाही. तिनं बाळाच्या मानेवरची बोटं काढून घेतली, सकाळपासून पहिल्यांदाच मागे वळून न बघता, आणि दार उघडून ती थंडीत उतरली.